बेकरीवालीचं दार

तुबली, बहारीन

प्रिय जोॲन,

गेला आठवडाभर तुझे डॅडी आणि मी जेवणं आटोपली की टीव्हीसमोर ठाण मांडून बसतो. जुन्या काळातली मालिका आहे. फ्रान्सच्या मिठागरांवर पोट भरायला आलेले इटालियन मजूर, आणि त्यांच्यावर काठ्या घेऊन तुटून पडलेलं गाव. काय कामं केलीत गं एकेका नटाने! मिठाने फाटलेले पाय दाखवले तेव्हा डॅडींनी चहाचा कप खाली ठेवला. वसईच्या मिठागरात राबलेल्या माणसाचा मुलगा, त्यांना ते पाय ओळखीचे.

पण ते हादरले वेगळ्याच गोष्टीने. तू नर्स होऊन युरोपात निघालीस तेव्हा त्यांनी बजावलं होतं ना, क्रूस कपड्यांच्या बाहेर ठेव, चर्चमध्ये मिसाला पुढच्या बाकावर बस, लोक तुला आपली मानतील. मालिकेत मारणारे आणि मार खाणारे एकाच देवापुढे गुडघे टेकतात, क्रूस दोघांच्याही गळ्यात. पोपच्या मुलखातल्या माणसांना ख्रिस्ती लोकच मारतात, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लीव्ह टाकली. तुला परत आणायला निघालेत.

मला मात्र त्यातल्या बेकरीवालीने वेड लावलंय. जमाव येतो तशी ती मजुरांना आत घेते, दार ओढते आणि स्वतः बाहेर पायरीवर उभी राहते. घाबरलेली असते, पण हलत नाही. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावला. डॅडी म्हणाले, अशी बाई गोष्टीतच भेटते.

काल तुझ्या रूममेटची, नाझिशची अम्मी इथल्याच बुदैयाहून आली. बिर्याणीचा डबा माझ्या हातात दिला आणि रडायलाच लागली. तू फोनवर काय सांगितलंस? रस्त्यावर जरा गडबड झाली, खलास! हिजाबवरून नाझिशला घेरलं होतं, तिला तू त्या टोळक्यातून ओढून घरात घातलंस आणि पोलीस येईपर्यंत दारात उभी राहिलीस, हे आम्हाला तिच्या अम्मीकडून कळावं? डॅडी उठले, आत जाऊन डोळे पुसून आले. बाळा, परक्या देशात तुला कुणीतरी दार उघडावं, एवढंच मी रोज रोझरीत मागत आले. दार उघडणारी तूच निघशील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तुला तिथेच राहायचंय, मला ठाऊक आहे. डॅडी येतायत, त्यांना येऊ दे, डोळे भरून बघू दे. परतीची दोन तिकिटं काढली होती त्यांनी. तुझं मी आज रद्द करायला लावलं.

अभिमानाने आणि काळजीनेही तुझीच,
मम्मी