रिकाम्या खुर्चीचा मान

४ मार्च
अध्यक्षपद आम्हाला! सागरी परिषदेत आमच्या एवढ्याशा देशाला पहिल्यांदाच. साहेब आज राजदूत कमी आणि नवरदेव जास्त दिसत होते. आमचं नाव मोठ्या शेजारी देशाच्या प्रतिनिधीने आपणहून सुचवलं. एरवी तो लिफ्टमध्ये ओळखसुद्धा दाखवत नाही.

५ मार्च
डोकं फिरायची वेळ आली आहे. अध्यक्षाला आपल्या देशातर्फे बोलता येत नाही, मतही देता येत नाही. त्यासाठी खाली आमच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी हवं. दुसरं कुणीतरी म्हणजे मीच, कचेरीत आहोतच दोघं. पण माझं नाव परिषदेकडे नोंदवलेलंच नाही!
साहेब म्हणाले, "अगं, राहून गेलं."
राहून गेलं! दूध आणायचं राहून जातं.
आणि नेमका यंदाच आमचा ठराव आहे — आमच्या किनाऱ्यापुढे मोठ्या मासेमारी जहाजांना बंदी. मायदेशी परराष्ट्र खात्यात फोन लावला. नाव आता तेच पाठवू शकतात. तिथला अधिकारी म्हणाला, "कळवतो."

७ मार्च
पुन्हा फोन. मंत्री दौऱ्यावर आहेत. कळवतो. मी त्याचं नाव कळवतोराव ठेवलंय.

९ मार्च
दादाचा फोन. "ती शेजारी देशाची जहाजं समुद्र खरवडून नेतात गं. आमच्या जाळ्यात नुसता कचरा. यंदा बंदी नाही आली तर होडी विकतो. तू तिथे आहेस म्हणून थांबलोय."
साहेब माझं नाव द्यायला विसरले, पण होईल काहीतरी, असं मी सांगितलं. तो हसला. "वेंधळाच दिसतो तुझा साहेब."
त्याच्या हसण्याने जरा बरं वाटलं.

१२ मार्च
कळवतोरावांनी कळवलं नाही.

१३ मार्च
मतदान झालं. साहेब व्यासपीठावर, सगळ्यात उंच खुर्चीत. खाली आमच्या देशाची पाटी, पाटीमागे रिकामी खुर्ची, तिच्यामागे मी, फाइली सांभाळत. मागच्या रांगेने तोंड उघडायचं नसतं.
शेजारी देशाचा प्रतिनिधी म्हणाला, "ज्यांचा ठराव त्यांनाच बोलावंसं वाटत नाही, यातच काय ते आलं." मी साहेबांकडे पाहिलं. ते घड्याळाकडे पाहत होते.
दोन्ही बाजूंना सारखी मतं. सारखी मतं पडली की ठराव पडतो, असा नियम. आमचं एक मत असतं तर! साहेबांनी हातोडी आपटून स्वतःच जाहीर केलं, "ठराव फेटाळला." मी जिन्यात जाऊन रडले. रागानेच जास्त.

१४ मार्च
आईचा फोन. पेपरात साहेबांचा फोटो आलाय, देशाचा मान वाढला म्हणे. "तू का नाहीस गं फोटोत?"
दादा फोनवर आला नाही.

१५ मार्च
आज साहेबांवर तोंड सोडलं. इतकी साधी गोष्ट विसरलात कसे, म्हटलं. नोकरी गेली तर गेली.
ते ऐकून घेत राहिले. मग उठून दार लावलं. "विसरलो नव्हतो. तुझं नाव पाठवत होतो, तेवढ्यात वरून निरोप आला — खुर्ची रिकामी ठेवा. अध्यक्षपद त्याच बोलीवर मिळालंय."

१६ मार्च
दादाने होडी विकायला काढली. फोनवर एवढंच विचारलं, "खरंच विसरले का गं?"
हो म्हटलं.