नाकाने निवडलेलं तेल

प्रिय भुंग्या,

बाई 'अनेक आशीर्वाद' लिहायला निघाल्या होत्या, मी म्हटलं राहू द्या. आशीर्वाद द्यायला तोंड लागतं, आणि ते सध्या माझ्याजवळ नाही. बाई म्हणजे त्याच, तुझ्या बापाच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, ज्यांच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आपल्या गॅरेजात पोट उघडून पडलाय. आज गाडीची चौकशी करायला आल्या, तर मी त्यांना माझ्याजवळ बाकड्यावर बसवून घेतलं. म्हटलं, मला अक्षर येत नाही, माझ्या नातीला दोन ओळी लिहून द्याल का? लगेच पर्समधून पेन काढलं. ज्या पोरीने आपली गाडी बिघडवली तिला तिची आजी झापणार, आणि तेही आपल्या हातून, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. हे लिहिताना आता चष्म्यावरून माझ्याकडे बघताहेत. लिहा म्हटलं बाई, मी बोलेन ते सगळं लिहा, गाळायचं काही नाही.

इकडची हालहवाल विचारशील तर तुझा बाप बोलायचा बंद झालाय. तू होतीस तोवर दिवसभर तुझ्यावर खेकसायचा, आता खेकसायला कोणी नाही म्हणून एअर कॉम्प्रेसरवर खेकसतो. पाने सापडत नाहीत, कारण ते जागेवर ठेवणारी तू तिकडे आत्याच्या टायरच्या दुकानात हवा भरत बसलीयेस. आत्या फोनवर सांगत होती, पोरगी कामाला चांगली आहे. मी म्हटलं, अगं बये, डोळे मिटून गिअरबॉक्स जुळवणारी पोर आहे ती, तिला सायकलींच्या रांगेला काय उभी करतेस! पण खरी बातमी निराळीच आहे. गाडीखाली शिरायचा तुझा तो खड्डा आणि त्याच्या कडेचं टेबल शेजारच्या डेंटरला, त्या गाड्यांचे पोचे काढणाऱ्याला, द्यायचं चाललंय. परवा तो मोजपट्टी घेऊन आला होता. तुझा बाप म्हणाला, जिला गिअरबॉक्सचं तेल निवडता येत नाही तिच्यासाठी जागा अडवून काय ठेवायची? एक तारखेपासून डेंटर येणार. मी तिथेच बसले होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

बाई विचारताहेत, चार नंबरचं तेल काय नि पाच नंबरचं काय, एका आकड्याने एवढं काय बिघडतं? गणिताच्या बाईंनी हे विचारावं! सांगितलं त्यांना. दोन्ही तेलं दिसायला सख्ख्या बहिणी, मधासारखी. पाच नंबर जहाल. मागच्या ॲक्सलमध्ये दातावर दात रगडतात तिथे ते हवंच. पण तुमच्या गाडीसारख्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात, दोन दातेरी चाकांचा वेग जुळवून गिअर अलगद बसवणाऱ्या. त्यांना सौम्य चार नंबरच लागतं. पाच नंबर घातलं की रिंगांची पकड सुटते, गिअर टाकताना करकरतो, आणि पुढे ते जहाल तेल पितळच खायला लागतं. बाई म्हणाल्या, दुसरा गिअर टाकला की माझ्या घरासमोरची कुत्री उठायची. आणि त्या रिंगा आता कुठे मिळत नाहीत, हे त्यांनी मला आज तिसऱ्यांदा ऐकवलं.

तुला माहीत आहे, आपल्याकडे तेल मोठ्या पिंपातून येतं आणि मी ते पत्र्याच्या डब्यांत ओतून ठेवते. डबे सगळे सारखे, सगळे तेलकट. त्यांच्यावर आकडे रंगवूया म्हणून तू ब्रश घेऊन आली होतीस, तर मी तुला काय हसले होते! माझं नाक शाबूत असताना आकडे कशाला, म्हटलं. अक्षर येत नसलं तरी वास येत होता ना मला. तुझ्या आजोबांनी शिकवलं होतं: चार नंबरला काडेपेटीची काडी लांब कुठेतरी ओढल्यासारखा वास, पाच नंबरला तीच काडी नाकाखाली विझवल्यासारखा. सगळी गल्ली यायची माझ्या नाकाची परीक्षा घ्यायला. गाड्या रंगवणारा तो रंगारी माझे डोळे बांधून डबे समोर धरायचा नि हरायचा. शाळेत न गेलेल्या बाईला मिरवायला दुसरं होतं काय? मी त्या नाकावर चाळीस वर्षं तोऱ्यात काढली.

थंडीत मला तो ताप आला, आठवतो ना. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. पहिल्यांदा कळलं ते दूध करपून भांड्याचा कोळसा झाला तेव्हा. मी शेजारच्या खोलीत बसून तुझ्या बापाच्या शर्टाला बटण लावत होते आणि मला काही म्हणजे काही आलं नाही. तू धावत येऊन गॅस बंद केलास. मी म्हटलं, डोळा लागला होता गं. कुणाला सांगितलं नाही. साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, तुझ्या बापाचे मोजेसुद्धा हुंगले, आणि त्यांचाही वास येईना तेव्हा समजले की प्रकरण हाताबाहेर गेलंय. तरी रोज सकाळी बाकड्यावर बसून डबे द्यायची मी थांबले नाही. डबा नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, मान डोलवायची. नाटक कंपनीत असते तर नाव काढलं असतं.

बाईंचं पेन थांबलंय. थांबू दे. बाई, तुमच्या गाडीचा डबा मीच दिला होता.

त्या उठून दारापर्यंत गेल्या. मला वाटलं गेल्या. पुन्हा येऊन बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुढे सांगा. अर्धं उत्तर मी तपासत नाही."

तर पुढचं. भुंग्या, तू खड्ड्यात होतीस, हात वर करून म्हणालीस, आजी, चार नंबर दे. मी डबा दिला. गाडी करकरत परत आली, तुझ्या बापाने बॉक्सचा बोल्ट सोडला, तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि ओरडला, हे पाच नंबर कुणी घातलं? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी तू म्हणालीस, डबा मी उचलला, आजीला विचारलं नाही. आणि माझं तोंड मिटलं. नुसतं मिटलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण चार गिऱ्हाइकं बघत होती, बाई होत्या, रंगारी होता, आणि मी वर म्हणाले, हल्लीच्या पोरींना वास कळतो कुठे! सगळे हसले. तू खाली बघून हात पुसत राहिलीस. ते हात पुसणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि त्यावरून आत्याकडे जाताना तू मला काय सांगून गेलीस? आजी, दुधापाशी बसून राहा, उठू नकोस. तेव्हा मला लख्ख कळलं की तुला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या हातात हुंगायला डबा देताना तू सहज म्हणायचीस ना, 'हा मागच्या ॲक्सलचाच ना गं?' मला वाटायचं पोर शिकतेय. तू मला उत्तर पुरवत होतीस. त्या एका दिवशी तू खड्ड्यात होतीस, म्हणून उत्तर पुरवायला कोणी नव्हतं. माझं नाक राखायला पोरी तू स्वतःचं कापून घेतलंस, आणि मी ते घेऊ दिलं. म्हातारीला लाज कमी असते असं मला वाटायचं. नसते गं. फक्त लपवायची सवय दांडगी असते.

परत ये म्हणून हे पत्र नाही. तो हक्क मी त्या दिवशी हसण्यावारी घालवला. लिहून घेतलं ते दुसऱ्याच कारणासाठी. आठ दिवस मी तुझ्या बापाला सांगायला जाते, तो काय गं आई म्हणतो, आणि मी जेवायचं विचारून परत येते. माझ्याच्याने होत नाही. म्हणून मुद्दाम बाईंना धरलं. तुझा बाप अजून त्यांच्यापुढे हात मागे बांधून उभा राहतो. आता त्या हे सगळं त्याला वर्गातल्या आवाजात, पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहेत, डेंटरला आणि रंगाऱ्यालाही बोलावून, आणि मी समोर बसणार आहे, पदर तोंडावर न घेता. बाईंना सांगितलंय, वाचून झालं तरच पाकीट चिकटवा, नाहीतर फाडून टाका. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं असेल, तर समज की सगळ्यांनी ऐकलं.

तुझीच, नाक गेलेली,
आजी