बोनाकावरचे दिवस

प्रिय बाबा,

दिन्को आणि मी, आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे आधी वाचा, मग चष्मा पुसून पुढचं.

कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडायला रॅलीतल्या सगळ्या होड्या भोंगे वाजवत एकदम निघाल्या आणि पाहता पाहता क्षितिजावर आमच्या बोनाकाशिवाय एकही शीड उरलं नाही. मग उरलं ते घरकाम. आळीपाळीनं एकानं जागायचं, एकानं झोपायचं. एवढ्याशा जागेत राहूनही आमची दोघांची गाठ पडायची ती अंथरुणाच्या काठावर. दिन्को उठायचा आणि त्याच्या उबेत मी शिरायची. परात गुडघ्यांत घट्ट धरून मी पावाचं पीठ मळायची. कोबी जाळीत टांगलेला, तो दिवसभर डोक्यावर आपटायचा. उजाडलं की डेकवर उडते मासे पडलेले असायचे, ते तुमच्या ऑलिव्हच्या तेलात तळायचे.

सकाळी रेडिओवर सगळ्या होड्यांची हजेरी. आमच्या मागून येणारा काझिक नावाचा पोलिश म्हातारा ती घ्यायचा. "बोनाका, जिवंत आहात की भांडून संपलात?" दिन्को म्हणायचा, "भांडायला दोघं एका वेळी जागे तर हवेत ना, राजा!" त्या दिवसांत मी सुखी होते, बाबा. तेही तुम्हाला कळायला हवं.

मग एका दुपारी सुकाणूला काहीतरी धडकलं. ओंडका असेल, पाहिलं कुणीच नाही. सुकाणू गेलं आणि त्याचा दांडा जिथून आत येतो तिथून पाणी यायला लागलं. ब्लँकेटं कोंबली, गादी फाडून कोंबली. कपाटाचं दार काठीला बांधून नवं सुकाणू केलं, ते पहिल्याच मोठ्या लाटेनं नेलं. जागणं, झोपणं, मळणं, सगळं संपलं. उरला फक्त पंप. मागे फिरायचं तर वारा तोंडावर, आणि पुढे नुसता समुद्र.

हजेरी मात्र चालूच होती. "बोनाका, आज काय शिजतंय?" काझिकनं विचारलं. दिन्को म्हणाला, "मिठाचं पाणी तयार आहे, फक्त बटाटे टाकायचेत." रेडिओवर सगळे हसले. काझिक हसला नाही. "पोरा, पाणी किती आहे ते खरं सांग," म्हणाला. दिन्कोनं माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ माझ्या हातात दिला.

पंप मारताना मला आईचं ओरडणं आठवत होतं. "घराचं छप्पर गळतंय आणि हा माणूस होडीच्या फटी बुजवतोय!" तुम्ही फळीखालून नुसता हात बाहेर काढायचात आणि मी त्यात हातोडी ठेवायची. सहा हिवाळे बोनाका बांधत होतात तुम्ही.

काझिक आला तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं. दिन्को म्हणत राहिला, "अजून एक दिवस, तोंका." पंपानं त्याचे तळवे सोलून निघाले होते, मूठ मिटत नव्हती. हे मी काझिकच्या होडीवरून लिहितेय. त्याची बायको वांदा सूप आणून ठेवते. किनारा लागला की पत्र टाकेन.

रॅलीच्या कचेरीनं तुम्हाला कळवलं असेल की माणसं वाचली, होडी समुद्रात सोडून दिली. एवढंच कळवलं असेल, म्हणून हे पत्र. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला असेल, वारा पूर्वेचा, प्रवाह असा, वसंतापर्यंत कुठल्यातरी किनाऱ्याला लागेलच. शेजारच्या आन्ते काकांना सांगितलंही असेल, "माझ्या हातची आहे ती, तरंगेल." तरंगली असती, बाबा. अर्धीअधिक पाण्यात, अंधारात, मागून येणाऱ्या होड्यांच्या वाटेत. म्हणून सोडण्याआधी समुद्राचं पाणी आत घेणारे तळाचे नळ उघडावे लागतात. दिन्को म्हणाला, ते काम मला सांगू नकोस. मी खाली गेले. पाण्याखाली हात घालून, न पाहता, एकेक सापडला. तुम्ही ग्रीस भरलेलं, एकही अडला नाही. नंतर काझिकच्या डेकवरून पाहत राहिले. फार वेळ लागला तिला. तुमचा एकही सांधा उघडला नव्हता. तिला मी बुडवलं, बाबा. नकाशा घडी करून ठेवा.

तुमचीच,
तोंका