उजव्या मोज्याचा कच्चा रंग

४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. रिटायर झाल्यावर माणूस ढिला पडतो, तसं आपलं होऊ द्यायचं नाही.

परवा डॉक्टरकडे जाऊन आलो. शुगर वाढली आहे म्हणाले. थोडीच. आकडा इथे लिहीत नाही, उगाच डोक्यात बसतो. तीन गोष्टी सांगितल्या. एक, गोळी चुकवू नका. दोन, रोज दोन्ही पाय तळव्यापासून बोटांपर्यंत नीट तपासा. तीन, चांगल्या सुती मोज्यांशिवाय बूट घालू नका. पहिल्या दोन ते सगळ्यांनाच सांगत असणार. तिसरी सांगताना मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं.

योग्य माणसाला सांगितलं. एकतीस वर्षं कापड गिरणीत तपासनीस होतो. सूत बोटांत धरलं की मला त्याची जात कळते. गिरणीत म्हणायचे, याच्या हातून रिजेक्ट झालेला तागा देवानेही पास करू नये.

परत येताना हिने विचारलं, पायांना मुंग्या येतात ते डॉक्टरांना सांगितलंत का? विसरलो म्हणालो. खरं तर विसरलो नव्हतो. महिनाभर मुंग्या येतच नाहीत. म्हणजे सुधारणा आहे. सुधारणेची तक्रार कोण करतं?

दादांचं वेगळं होतं. माझे थोरले भाऊ. त्यांना गोड सुटेना आणि ऐकायचं तर कुणाचंच नाही. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. तो स्वभावाचा दोष. मी ऐकून घेणारा माणूस आहे.

संकल्प: सात दिवसांत उत्तम मोजे.

६ फेब्रुवारी

तीन दुकानं पाहिली. पहिल्या दुकानातल्या मुलीला लांब धाग्याचा कापूस म्हणजे काय ते सांगत होतो, ती मोबाइल बघत होती. दुसऱ्या दुकानात पाकिटावर ‘शंभर टक्के कॉटन’. एक सैल धागा काढून दारात काडीने पेटवला. खऱ्या सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते. याचा टोकाला कडक मणी झाला. भेसळ! मणी मालकाच्या तळहातावर ठेवला. त्याने मला बाहेर काढलं, पण नजर चोरूनच.

तिसरं दुकान अरुंद, आत खोल, भिंतभर लाकडी खण. दुकानदार माझ्याच वयाचा. धागा जाळा म्हणाला, काडी त्यानेच दिली. राख मऊ. माणूस बरा वाटला.

७ फेब्रुवारी

घेतले. तीन जोड. नेव्ही ब्लू, टाचेला आणि बोटांना मरून. विंचरलेलं सूत, बोटांवरची शिवण इतकी सपाट की नख अडकत नाही. दोन तास लागले. दुकानदाराला जेवायला जायचं होतं, पण चांगलं गिऱ्हाईक रोज भेटत नाही, म्हणून थांबला असावा.

ही म्हणाली, मोज्यांना दोन तास दिलेत, आता पायांना दोन मिनिटं द्या. उद्यापासून.

८ फेब्रुवारी

उजव्या बुटाचा तळ बाहेरच्या कडेला सुटला होता. चांभार म्हणाला, ठेवून जा, दोन दिवसांनी या. एवढ्याशा कामाला दोन दिवस? घरी आणून चार बारीक खिळे ठोकले. एक जरा तिरका गेला, पण पकड उत्तम आहे. मोज्यांच्या तोलामोलाचा बूट हवा.

पाय तपासायला बसलो होतो. चष्मा दुसऱ्या खोलीत राहिला होता. राहिलं.

९ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.३०

नव्या मोज्यांत पाऊण तास फिरलो. काय माल आहे! इतका मऊ की पायात मोजे आहेत हे कळतच नाही. बूटसुद्धा कळत नव्हता. गिरणी बंद पडल्यापासून असं सूत पाहिलं नव्हतं. घरी येऊन हिला सांगितलं, जणू ढगावरून चालून आलो. ती म्हणाली, जरा लंगडताय का? म्हटलं, नवीन मोज्यांची सवय व्हायला वेळ लागतो.

गोळी एक दिवसाआड घेतो आहे. शरीराला सवय लागू नये.

११ फेब्रुवारी

फसवणूक झाली.

उजव्या मोज्याच्या आतून, करंगळीपाशी, डाग. मरून रंग सुटतो आहे. आतल्या बाजूला आला की डाग तांबूस होतो आणि वाळल्यावर कडक. निव्वळ कच्चा रंग. डावा मोजा स्वच्छ. याचा अर्थ मला लगेच कळला: जोडीतले दोन मोजे दोन वेगवेगळ्या घाण्यांतून रंगवलेले. डाव्याचा घाणा चांगला लागला, उजव्याचा बिघडला. रंगखात्यात हे नेहमीचं. नवख्या माणसाला आयुष्यभर कळलं नसतं.

१२ फेब्रुवारी

दुसरा जोड घातला. उजव्यालाच डाग. तिसरा घातला. उजव्यालाच.

म्हणजे कारखान्याने सगळे उजवे मोजे एकाच घाण्यात रंगवले. मोज्यांना डावं-उजवं असतं का, असं हिने विचारलं. तिला यातलं काही कळत नाही.

दुपारी शास्त्रशुद्ध चाचणी. मीठ, व्हिनेगर आणि कोमट पाणी मिसळून कृत्रिम घाम केला, त्यात धुतलेला उजवा मोजा दोन तास बुडवला. पाणी स्वच्छ राहिलं. म्हणजे माझा घाम व्हिनेगरपेक्षा जहाल आहे. हिने विचारलं, माझा चहाचा कप कुठे आहे? सांगितलं. तो कप आता माझा.

१४ फेब्रुवारी

मोजे घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आपला पांढरा रुमाल ओला केला आणि मरून टाचेवर पाच मिनिटं घासला. रुमाल पांढराच. मग त्याने मोजा उलटा केला, डाग उजेडात धरला, नाकाजवळ नेला आणि हळूच काउंटरवर ठेवला. मोजे परत घेतो म्हणाला. वर म्हणाला, साहेब, एकदा पाय कुणाला तरी दाखवा.

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. मालाची तक्रार केली की गिऱ्हाइकाच्या पायावर यायचं. मोजे परत दिले नाहीत. पुरावा आहे.

येताना दोनदा बसावं लागलं. ऊन होतं.

१५ फेब्रुवारी

ही म्हणते, तुमच्या बुटांपाशी कसला तरी वास येतो. फिनिशिंगच्या केमिकलचा. स्वस्त कारखाने धुवायचा कंटाळा करतात. तिला त्रास नको म्हणून हल्ली मोजे मीच पहाटे धुतो आणि बाथरूमच्या दाराआड वाळत घालतो. अंघोळीच्या वेळी कडी लावतो. चष्मा बाहेर ठेवतो, वाफ धरते.

१७ फेब्रुवारी, रविवार

अंगात कणकण. हवा बदलते आहे.

दादांचा फोन आला. आधी वहिनी बोलल्या, मग त्यांनी फोन दादांना दिला. दादा इकडचं तिकडचं बोलत नाहीत. रोज पाय बघतोस का, एवढंच विचारलं. रोज सकाळी बघतो म्हणालो. दादा म्हणाले, मीही असंच सांगायचो.

त्यांचं वेगळं होतं. वर लिहिलंच आहे.

जेवण गेलं नाही. हिला सांगितलं, पोट जड आहे.

१८ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. गोष्ट सोपी आहे. रंग सुटतो, तर रंगच नको. पांढरे मोजे. ज्यात रंग नाही त्यातून सुटणार काय? आधी सुचलं नाही याचं नवल वाटतं. जवळच्याच दुकानातून एक जोड आणला. सूत बेताचं आहे, पण प्रयोगापुरतं चालेल.

उद्या पांढरे घालायचे, अर्धा तास चालायचं, विषय संपवायचा.

१९ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

अर्धा तास जमलं नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.

उजवा मोजा काढला. लाल. करंगळीपासून टाचेकडे, हाताच्या चार बोटांएवढं.

बुटाच्या आतल्या अस्तराचा रंग असणार.

६.२०

बुटाचं अस्तर पिवळट आहे.

मोजा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे ठेवला आहे. उद्या बघू. आज उजेड कमी आहे.

२० फेब्रुवारी

हिला मोजा सापडला. सरळ दाराशी गेली, माझा उजवा बूट उचलला, आत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. तिच्या बोटातून रक्त येत होतं. मी ठोकलेला तिरका खिळा तळातून वर आला होता. चांगला तांदळाएवढा.

तिने विचारलं, तुम्हाला हे टोचलं नाही? नाही म्हणालो. कधीपासून घालताय? नऊ तारखेपासून. तिने बोटांवर मोजलं. बारा दिवस. मग ती दाराशीच जमिनीवर बसली. मी म्हटलं, अगं, मोजे फार मऊ होते. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

तिनेच मोजा उतरवला, तिनेच पाय बघितला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. टॅक्सी तिनेच बोलावली.

तोच दिवस. दुपारी ४

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, डोळे मिटा, मी तळपायाला एक बारीक धागा टेकवतो. जाणवला की ‘हो’ म्हणा.

धाग्याच्या बाबतीत मला परीक्षा नवी नाही. डोळे मिटले, मन एकाग्र केलं. जाणवला की हो म्हणत गेलो. न चुकता, ठणठणीत आवाजात. शेवटी डोळे उघडले तर ही तोंडाला पदर लावून उभी. डॉक्टर म्हणाले, उजव्या पायाला मी दहा वेळा धागा टेकवला. तुम्ही चौदा वेळा हो म्हणालात. बरोबर एकही वेळ नाही.

मी विचारलं, धागा कसला आहे? नायलॉन, म्हणाले. मी म्हटलं, मग बरोबर, माझा हात सुतावर बसलेला आहे. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

आजच ॲडमिट.

२१ फेब्रुवारी. वॉर्ड

हाडापर्यंत गेलं आहे. करंगळी काढावी लागेल. पलीकडचं बोट बघू म्हणतात, आणि पायाचं आत्ता बोलत नाहीत. नर्सने फॉर्म आणला. त्यात ‘पायाची जखम कधी लक्षात आली’ असा कॉलम आहे. मी पेन हातात धरून बसलो होतो. शेवटी तिनेच विचारलं, किती तारीख घालू? अकरा म्हणालो. ही खिडकीपाशी उभी होती. तिने वळून बघितलं. ती समजत होती, मला काही माहीतच नव्हतं.

मला माहीत होतं. रक्त वाळलं की कडक होतं. गिरणीत कुणाचं बोट यंत्रात गेलं की ते तागे आम्ही वेगळे काढायचो. एकतीस वर्षांत रक्त आणि रंग यांत माझी कधी गफलत झाली नाही.

भीती वाटते. दादांचा अंगठा गेला त्या वेळी मी, आता माझ्या कॉटशेजारी आहे तशाच खुर्चीवर बसून, त्यांना म्हणालो होतो, दादा, हे आधी बघायला काय झालं होतं?

हिला जवळ बोलावून सांगितलं, मला फार भीती वाटत होती. ती म्हणाली, मग मला का नाही सांगितलंत? म्हटलं, सांगितलं असतं तर तू पाय बघितला असतास.

२३ फेब्रुवारी

करंगळी गेली. शेजारचं बोटही. बाकीचा पाय राहील असं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. ‘वाटतं’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

२ मार्च

संकल्प. गोळी वेळेवर. अनवाणी चालणं बंद. रोज पाय तपासण्यासाठी रजिस्टर करायचं: तारीख, डावा, उजवा, शेरा, तपासनिसाची सही. हिला सांगितलं. ती म्हणाली, सही मी करणार. म्हटलं, अगं, अनुभव माझा आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

१० मार्च, रविवार. सकाळी १०

परवा घरी आलो. डॉक्टरांनी पांढरेच मोजे घाला म्हणून सांगितलं आहे. म्हणजे डाग पडला की दिसेल. वर घट्ट इलॅस्टिक नको, आत शिवण नको. मी म्हटलं, जरा बरं वाटलं की बाजारात जाऊन नीट निवडून आणतो. चार-पाच दुकानं तर बघावीच लागतील.

ही सकाळी भाजीला गेली आणि येताना सहा जोड घेऊन आली. दहा मिनिटं लागली म्हणाली. धागा जाळला नाही, सूत विचारलं नाही. पाकिटावर काय लिहिलंय तेही तिने वाचलं नव्हतं.

मी मोजा हातात घेतला. हाताला बरा लागला. म्हटलं, पास करायला हरकत नाही. ती पायाशी बसली, बँडेज सावरून मोजा चढवला, टाच सारखी केली आणि विचारलं, कुठे बोचतंय का? घट्ट होतोय?

माझं ‘नाही’ तोंडात तयार होतं. ती मान वर करून थांबली होती.

मी म्हटलं, मला कळत नाही. तूच बघ.

तिने मोजा परत काढला, आतून उलटा केला आणि स्वतःच्या बोटांनी शिवण तपासत बसली.