गाडीतून उतरवलेली माणसं

१७ नोव्हेंबर, सोमवार

हेडसरांची नोटीस फिरली. नववीला 'एका अभिजात कादंबरीची ओळख' करून द्यायची, महिनाभरात. अभिजात! इथे अर्धा वर्ग धडा वाचताना ओळीवर बोट ठेवतो. पण मराठीची बाई मी, त्यामुळे गळ्यात माझ्याच.

मी ती बैलगाडीवाली कादंबरी काढली. कपाटात एकच प्रत, मागचा पुठ्ठा गेलेली. बी.एड.ला असताना वाचली होती, तेव्हा दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. गोष्ट तशी साधी. गावाला पूर येतो, एकच गाडी उरते. सगळे तीत बसून डोंगराकडच्या गावाला निघतात. वाट लांब, बैल थकतात. मग दर मुक्कामाला एकाला खाली उतरवतात. भांडण नाही, मारामारी नाही. बसून नीट विचार करतात, सगळ्यांना पटतं. उतरणाऱ्याला कांबळं देतात, पाण्याचा तांब्या देतात आणि सांगतात— आम्ही येतो परत तुला न्यायला. परत कोणीच येत नाही.

वर्गात हे सांगितलं तर राजरत्नचा पहिला प्रश्न : "मॅडम, इसपे पिक्चर है क्या?" नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले.

१८ नोव्हेंबर

फक्त चार पानं झाली. शेजारच्या कारखान्यात जीन्स शिवायची यंत्रं दिवसभर चालू. घसा बसला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिला उतरवला— अंथरुणाला खिळलेला म्हातारा. मी वर्गाला विचारलं, बरोबर केलं का? भराभर हात वर. राजरत्न म्हणाला, ओझंच होतं ते, सही किया. मी दुसरी बाजू मांडायला गेले तर कोणी ऐकेना.

मग खिडकीपाशी बसणारी तेजस्वी. वर्षभरात या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "पण मॅडम, सगळे बसलेच कशाला होते? पाळीपाळीने खाली उतरून चालले असते तर?"

मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे. तिच्यावर परीक्षेत उत्तर लिहून मार्क मिळवले आहेत. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नाही! मला एवढा आनंद झाला की मधल्या सुट्टीत पळतच किर्तीला सांगायला गेले. दोनदा सांगावं लागलं, यंत्रांचा आवाज होता.

यंत्रांचा आवाज हे आपलं म्हणायला. किर्तीला गेल्या वर्षापासून डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे शाळेत फक्त मला माहीत आहे. ती इतिहास शिकवते, आणि काय शिकवते! तिच्या तासाला पोरं डबा उघडायला विसरतात. मुलांनी उत्तर दिलं आणि ऐकू आलं नाही, तर ती म्हणते, शाबास, आता हेच फळ्यावर लिही. कोणाला कळत नाही. स्टाफरूममध्ये मी तिच्या डाव्या बाजूला बसते. तिकडून कोणी काही बोललं की कोपर लावते. इतकी वर्षं बरोबर आहोत, आता त्याची सवयच झाली आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मीटिंग. पट कमी झाला म्हणून जानेवारीपासून एक शिक्षक कमी करायचा, असं संस्थेचं म्हणणं. नोकरी पक्की नसलेले आम्ही चौघंच— मी, किर्ती, गणिताच्या भागीरथीबाई आणि चित्रकलेचे महेंद्र सर. हेडसर म्हणाले, "कोण ते तुमचं तुम्ही ठरवा बाबा. मला वाईटपणा नको." वर चहा मागवला.

चहा प्यायलो आम्ही सगळे. बिस्किटंसुद्धा खाल्ली.

घरी आले तर सुयोग पंखा पुसत होता. परवाच पुसला होता. अंबरनाथची त्याची कंपनी गणपतीनंतर बंद झाली, तेव्हापासून घरातली एकही वस्तू पुसायची राहिलेली नाही. माझी नोकरी गेली तर या घरात नवराबायको दोघंही पंखे पुसत बसतील. त्याला काही सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर

धीर करून स्टाफरूममध्ये तेजस्वीची युक्ती मांडली. चौघांनीही थोडे थोडे तास कमी घ्यायचे, म्हणजे कोणालाच जायला नको. किर्तीने माझा हात दाबला. भागीरथीबाई म्हणाल्या, अगं, हे आधी का नाही सुचलं कोणाला! त्यांनी कोपऱ्यावरच्या सिंध्याकडून सगळ्यांना दाल पकवान मागवलं. महेंद्र सर मुलांच्या वह्या तपासत होते. मान वर करून म्हणाले, चांगलं आहे मॅडम, विचारून बघा. आणि हसले. त्यांचं हसणं मला जरा लागलं.

तरी बेलवलीला घराशी रिक्षातून उतरेपर्यंत गाणं गुणगुणत होते. मूर्ख बाई.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संस्थेला मान्य नाही, म्हणे. हेडसरांनी विचारलंच नसावं, असं मला वाटतं.

दुपारी भागीरथीबाई हेडसरांच्या केबिनमधून बाहेर आल्या आणि मला बघून थंडीबद्दल बोलू लागल्या. थोड्या वेळाने हेडसरांनी मला गाठलं. "मॅडम, नववीत हल्ली शिकवण्यापेक्षा गप्पा जास्त चालतात असं कानावर आलंय." कानावर कोणी घातलं? माझ्या वर्गाला लागून वर्ग एकीचाच आहे. दाल पकवान अजून पुरतं पचलं नसेल तिला!

किर्तीला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे गं, घाबरलीय ती पण. किर्तीचं हे असंच असतं.

१ डिसेंबर, सोमवार

वर्गात तिसरा माणूस उतरवला. आता मुलांना मजा येऊ लागली आहे. मधल्या सुट्टीत पैजा लावतात— पुढचा नंबर शिंप्याचा की सुईणीचा? मी वर्गात शिरले की विचारतात, मॅडम, आज कोणाला टपकवणार? तेजस्वी पुन्हा गप्प झाली आहे. तिला मुद्दाम उभं केलं तर म्हणाली, माहीत नाही मॅडम.

माणसाच्या स्वभावाची ओळख करून द्यायची होती म्हणे मला. यांना ती आधीपासूनच आहे.

३ डिसेंबर

सुयोगने विचारलं, तुझं तरी पक्कं होणार ना तिकडे? मी हो म्हणाले.

४ डिसेंबर, गुरुवार

हेडसरांकडे गेले.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या कोणाला सांगू? जाताना मनात भागीरथीबाई होत्या. त्यांच्या शिकवण्या, त्यांचं उशिरा येणं, सगळं मनात जुळवून गेले होते. हेडसर म्हणाले, त्यांचा विषय सोडा, गणिताला माणूस मिळत नाही. महेंद्र सरांचं नाव काढलं तर त्यांनी नुसता हात हलवला. म्हणाले, राहता राहिल्या तुम्ही आणि किर्ती मॅडम. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी उठायला हवं होतं. उठले नाही.

मी म्हणाले, तिच्या काळजीपोटी सांगते सर, तिला त्रास होतो हो. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. वर्ग झेपत नाही तिला.

झेपत नाही! हा शब्द कुठून आला माझ्या तोंडात? किर्तीला जेवढा वर्ग झेपतो तेवढा आम्हा तिघांना मिळून झेपत नाही. हेडसरांनी मान डोलावली. बरं झालं सांगितलंत म्हणाले. मीही थँक्यू म्हणाले. कशाबद्दल, कोण जाणे.

मला माझी किळस येते आहे. आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

५ डिसेंबर

किर्तीने मेथीचे लाडू आणले. माझ्या एकटीसाठी वेगळा डबा. थंडीत तुझे गुडघे धरतात ना, म्हणाली. मी तिच्या डाव्या बाजूला बसले नाही. नववीच्या वह्यांचं निमित्त करून समोर बसले.

९ डिसेंबर, मंगळवार

हेडसरांनी किर्तीला बोलावलं. तिने मला जिन्यात सांगितलं ते असं. हेडसर म्हणाले, बसा, मी फाईल घेतो. मग तिच्या मागे कपाटाशी जाऊन काहीतरी शोधत राहिले. ती वाट बघत बसली. थोड्या वेळाने ते समोर आले आणि म्हणाले, "मी चार वेळा हाक मारली मॅडम तुम्हाला. डावीकडून." प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा द्या, आम्ही निरोप चांगला देऊ.

किर्ती रडली नाही. तिचं एकच चाललं होतं— कळलं कसं गं, पद्मा? मग स्वतःच म्हणाली, भागीरथीबाईच असणार. माझ्या वर्गासमोरून जाताना थांबून बघायच्या.

मी म्हणाले, असेल.

असेल. भागीरथीबाई त्याच वेळी जिना चढून वर आल्या. किर्तीने त्यांच्याकडे जे पाहिलं, तसं तिला कोणाकडे पाहताना मी कधी बघितलं नव्हतं. त्या बिचाऱ्या जिन्यातच थबकल्या. एरवी त्यांना बिचारी म्हणायची पाळी माझ्यावर येत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

कादंबरी संपली. शेवटी गाडी डोंगराकडच्या गावात पोचते. आत कोणीच नाही, नुसता गाडीवान. वेशीवरचे लोक विचारतात, गाडी रिकामी का? तो म्हणतो, ओझं फार होतं. संपलं.

सगळे टक लावून बघत होते. मला वाटलं, पोचलं यांच्यापर्यंत. मग मागून राजरत्न म्हणाला, "मग गाडीवान एकटाच आला तर बैलांना केवढं सोपं गेलं असेल!" आणि सगळे खो खो हसले. तेही चूक नव्हतं म्हणा.

सारांश आणि बोध लिहायला सांगितला होता. वह्या घरी आणल्या. सगळ्यांचा बोध एकच, एकमेकांचा बघून लिहिलेला : 'यावरून आपण संकटात एकमेकांना मदत केली पाहिजे.' प्रत्येकीला, प्रत्येकाला 'छान' दिलं. तेजस्वीने बोधाची जागा कोरी सोडली आहे. तिला काय द्यावं ते कळेना, म्हणून नुसती सही केली.

सुयोगला आज सांगितलं की माझं पक्कं झालं. त्याने बासुंदी आणली. आम्ही खाल्ली.

१६ डिसेंबर, मंगळवार

किर्तीचा निरोपसमारंभ. संस्थेतर्फे शाल, स्टाफतर्फे थर्मास. भागीरथीबाई भाषणात म्हणाल्या, आम्ही अंबरनाथला तुमच्या घरी येऊच हं भेटायला, सोडणार नाही! किर्ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. शाल, थर्मास, येऊच हं— मी मनात एकेक मोजत होते. बाकी कोणाला काही वाटलं नाही. त्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही. मी वाचली आहे, आणि थर्मास मीच निवडून आणला होता, फर्निचर बाजाराकडच्या दुकानातून.

माझी पाळी आली तेव्हा बोलले. चांगलं बोलले म्हणे, दोन मुली रडल्या.

निघताना किर्ती म्हणाली, "या शाळेत माणूस म्हणावं अशी तू एकटीच होतीस, पद्मा." मी तिला सांगणार होते. खरंच सांगणार होते, तोंड उघडलं होतं. पण तिने उजवा कान माझ्याकडे वळवला, नीट ऐकू यावं म्हणून, आणि माझ्याने बोलवेना. पोचलीस की फोन कर म्हणाले.

१८ डिसेंबर

किर्तीचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत महेंद्र सर भेटले. म्हणाले, ३१ तारखेला माझाही शेवटचा दिवस. भिवंडीच्या शाळेत पक्की नोकरी मिळाली आहे. राजीनामा तर मीटिंगच्या आधीच दिला होता, मॅडम. हेडसर म्हणाले, संस्थेची बैठक होईपर्यंत कोणाला बोलू नका. जागा एकच कमी करायची होती, ती माझ्यावर भागत होती. मला वाटलं, तेही सांगतील तुम्हाला एकदोन दिवसांत.

मग किर्ती?

ते म्हणाले, तेच ना. त्यांना जायची काही गरजच नव्हती. त्यांच्या कानाचं कोणीतरी जाऊन सांगितलं, म्हणून गेल्या. संस्थेचे एकाऐवजी दोन पगार वाचले. कोणी सांगितलं असेल हो, मॅडम?

मी म्हणाले, भागीरथीबाईंनी.