एका शब्दाचा पत्ता

नागपूर, दि. ३० जून १९६७

कैलासवासी सौ. जयवंता मारोतराव पौनीकर हिस मारोतराव पौनीकर याचे अनेक आशीर्वाद.

मी क्षेम आहे. धंतोलीच्या डॉक्टरांनी मीठ वर्ज्य केले असून वरणात ते घालायचे मीच विसरत असल्यामुळे पथ्य उत्तम चालले आहे. तुझ्या प्रकृतीची विचारपूस करणे आता औचित्यास धरून होणार नाही. तथापि पत्राची रीत म्हणून ती केली आहे असे समजावे. (वर तुझे पूर्ण नाव लिहिताना लेखणी किंचित अडखळली. एकतीस वर्षे 'ऐकलं का' एवढ्या संबोधनावर आपला संसार निर्वेध पार पडला, हे तू जाणतेस.)

लिहिण्यास कारण की, आपल्या विणकर सहकारी संस्थेचा चिटणीस या नात्याने मी एक कार्य तडीस नेले आहे. संस्थेचे नाव व पत्ता मिळून तारेत अकरा शब्द होतात. बाहेरगावचे व्यापारी त्यांतले चार गाळतात आणि लुगड्यांची मागणी भलत्याच दारी जाते. यावर उपाय असा की, तारघरात अर्ज करून एकच शब्द संस्थेच्या नावे नोंदवावा. तो इंग्रजीत दहा अक्षरांच्या आत असावा, शहरात दुसऱ्या कोणाचा नसावा, आणि कोणाच्या शब्दासारखा दिसू वा ऐकू येऊ नये. मंजुरी मिळाली की तो शब्द आणि पुढे 'नागपूर' एवढे लिहिले तरी तार आपल्याच दारी येते. सभासदांनी 'रेशीम', 'धोटा' आणि 'पदर' असे शब्द सुचवले. पहिले दोन आधीच गेलेले होते. तिसरा मी अध्यक्ष शालिकरामजींच्या नजरेस पडू दिला नाही. अर्जात मी तुझे नाव लिहिले.

शेजारच्या रुखमाबाईंनी भर सभेत विचारले, "भाऊजी, जिवंतपणी तिले एकदा नावानं हाक मारली नाही, अन् आता साऱ्या नागपुरानं मारावी म्हणता?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याचे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

तारघरातील कारकून नत्थूजी यांच्या नोंदवहीत लकडगंजच्या ताराचंद लाकूडवाल्यांचा 'जयवंत' निघाला. दोन्ही शब्द दूरध्वनीवर वेगळे ऐकू येतात की नाही याची खात्री करण्यासाठी त्यांनी मला तुझे नाव मोठ्याने म्हणण्यास सांगितले. मी अर्जच पुढे सरकवला. "वाचता येते जी मले. ऐकाचं आहे!" नत्थूजी म्हणाले. मग मी ते नाव म्हटले. पहिल्या खेपेस ते माझ्या मिशीतच राहिले, दुसऱ्या खेपेस खिडकीपर्यंत पोचले. तिसऱ्या खेपेस सगळी रांग वळली आणि मागची एक बाई कळवळून म्हणाली, "काहून जी, बाई हरवली का तुमची?" या प्रश्नासाठी अर्जात रकाना नव्हता. नत्थूजींनी मात्र "शेवटचा 'ता' साफ ऐकू येऊन राहिला" असे म्हणून शेरा मारला. ताराचंदजींनीही लेखी ना-हरकत दिली ("बाईमाणसाच्या नावाले मी काय हरकत घेऊ गा?"), आणि गेल्या आठवड्यात मंजुरी हाती आली. माझी निवड सर्वथा योग्य होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तुझा,
मारोतराव

ता. क. १ : शब्द एखाद्या व्यक्तीचे नाव असल्यास त्या व्यक्तीची संमती लागते, ती हयात नसल्यास वारसाची सही चालते. मी सही केली आहे. परंतु नाव तुझे आहे, आणि तुला न विचारता सही करण्याची सवय तू मला कधी लागू दिली नव्हतीस. तरी पंधरा दिवसांच्या आत संमती कळवावी.

ता. क. २ : वरील मुदत रद्द समजावी. आज दुपारी पहिली तार आली. शिपायाने गल्लीतूनच "जयवंता!" अशी हाक दिली आणि आतले सगळे हातमाग थांबले. "आहे, आतच आहे," असे मी उत्तर दिले, मग बाहेर जाऊन सही करून तार घेतली. चाळीस लुगड्यांची मागणी आहे. संमती पाठवण्याची आवश्यकता नाही. हरकत असल्यास मात्र अवश्य कळवावी. ती तोंडी, विनाअर्ज, कोणत्याही प्रहरी स्वीकारली जाईल.

ता. क. ३ : चिटणीसपदाची माझी मुदत आज संपली. संस्थेचे दार कुलूपबंद केले. दोन्ही किल्ल्या नवे चिटणीस जागेश्वर यांना सायंकाळी सव्वापाच वाजता सुपूर्द केल्या. यापुढे गल्लीतून तुझ्या नावाची हाक आली की तार घ्यायला तेच बाहेर जातील.