न ओतलेलं पाणी

इस्तंबूल, तोफाने धक्का

हार्लन,

तू नोकरीला होतास ती अमेरिकन बोट भंगारात काढली, असं काल एका खलाशाने सांगितलं. कुणा धनिकाच्या चैनीसाठी बांधलेली ती नाजूक आगबोट. लढाईत तिच्यावर तोफा चढल्या, आणि पुढे राजदूतांच्या मेजवान्या सांभाळत ती वर्षानुवर्षं आमच्या बॉस्फरसमध्ये नांगरून राहिली. त्या मेजवान्यांच्या टेबलांवरच्या चादरी धुता धुता माझा तुझ्यावर जीव जडला.

बोट कुठेही निघाली की मी धक्क्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. निघालेला माणूस सुखरूप परतावा म्हणून आमच्याकडे त्याच्यामागे असं पाणी ओततात: पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. आई टोमणा मारायची, "पाण्यावरच राहणाऱ्याला पाणी कसलं ओततेस, सिरानुश?" पण तू दर वेळी आलास.

शेवटच्या खेपेला धुतलेले कपडे घेताना तू म्हणालास, "उद्या बोट कायमची अमेरिकेला चाललीय."

"आणि हे आज सांगतोस?"

"धीर होत नव्हता. उद्या पाणी ओतलंस, तर तुझा होकार समजेन. नोकरी सोडून परत येईन."

सकाळी तू डेकवरून माझ्या हाताकडेच बघत होतास. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तुझ्या देखत मी ते पाणी पिऊन टाकलं. राग एका दिवसाचा होता, हार्लन. बारा वर्षं झाली.

आज धक्क्यावर जाऊन तांब्याभर पाणी ओतलं. शेजारच्या म्हाताऱ्या नावाड्याने विचारलं, "कोण निघालंय गं?"

"निघालं कुणी नाही, काका," मी म्हटलं. "यायचंय."

अजून त्याच गल्लीत राहणारी,
सिरानुश